वाळवंटातली रांग

सकाळच्या कंपनी बसमध्ये माणसं झोपतात, हा जगाचा नियम आहे. सिंगापूरच्या जुरोंग आयलंडला, म्हणजे कारखान्यांच्या बेटावर, जाणारी आमची बस बुकित पंजांगच्या एमआरटी स्टेशनसमोरून सुटते. पास गळ्यात, डबा मांडीवर, डोकं खिडकीला, की पाच मिनिटांत सगळी बस घोरायला लागते. मीही पहिल्याच दिवशी त्या पुण्यकर्मात सामील झाले होते. तेवढ्यात ड्रायव्हरच्या मागच्या सीटवरून खणखणीत आवाज आला: "थ्री हंड्रेड! लेफ्ट! कॉशन टू!"

मी ताडकन उठले. मी कंपनीत सेफ्टीला आहे. 'कॉशन' ऐकलं की माझा हात आपोआप हेल्मेट शोधतो. शेजारच्या तमिळ मुलीला विचारलं, काय झालं गं? ती डोळेही न उघडता म्हणाली, "नथिंग. टर्निंग."

हे आमचे सुधाकर कारखानीस. कर्वेनगर, पुणे, सध्या मुक्काम बुकित पंजांग, आमच्या समोरचाच ब्लॉक. आमच्या प्लांटवर इन्स्ट्रुमेंटेशनचे इंजिनिअर. अंगानं किरकोळ, मिशी मात्र दोन माणसांना पुरेल इतकी. आवाज एवढ्याशा देहातून कुठून यायचा, देव जाणे. आणि हा माणूस रोज, न चुकता, घर ते प्लांट अख्खा रस्ता मोठ्यानं 'वाचायचा'. किती मीटरवर कुठलं वळण, तिथे धोका किती. धोक्याचे तीन दर्जे: कॉशन वन म्हणजे सांभाळून, टू म्हणजे हळू, थ्री म्हणजे देवाचं नाव घ्या.

आयलंडचा चेकपॉइंट ओलांडला की एक डावं वळण आहे, आणि वळणाला चिकटून एक हम्प, म्हणजे गतिरोधक. ते वळण म्हणजे कारखानिसांचं लाडकं बाळ. "लेफ्ट! कॉशन टू! हम्प आफ्टर टर्न!" असं ते इतक्या जीव तोडून ओरडायचे, की जणू पलीकडे दरीच आहे. हमीद अंकल, आमचे मलय ड्रायव्हर, गेली कित्येक वर्षं त्याच रस्त्यावर तीच बस चालवत होते. त्यांच्या मानेच्या शिरा आधी ताठ व्हायच्या, मग लाल. त्यांनी दोनदा वर तक्रार केली. वरच्यांनी कारखानिसांना बोलावून समज दिली. कारखानिसांनी तिथेच वरच्यांना समजावून सांगितलं, की त्यांच्या केबिनचं दार चुकीच्या बाजूला उघडतं.

एकदा पाऊस होता. मी सहज म्हणाले, "काय कारखानीस, आजही टूच का?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी डॉक्टर असून ताप कुठे बघतात ते विचारलंय. "पावसात थ्री," ते म्हणाले. "कमाल आहे! तुम्ही सेफ्टीत ना?"

तर हे सगळं कशासाठी? सांगते, पण ऐकून हसू नका. मी हसले होते आणि मला दोन तास लेक्चर मिळालं. कारखानीस वाळवंटातल्या मोटारींच्या शर्यतीत नॅव्हिगेटर होते. सिंगापुरात राहून! जिथे वाळू फक्त मुलांच्या प्लेग्राउंडमध्ये असते, तिथे राहून. स्वतःची गाडी नाही, कधी नव्हती. गाडी चालवता येते असं त्यांचं लायसन्स म्हणायचं. शैलावहिनी, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, म्हणायच्या की लायसन्स खोटं बोलतंय.

ती शर्यत कशी चालते, हे बसमधल्या सगळ्यांना इच्छा असो-नसो पाठ झालं होतं. अरबस्तानातलं वाळवंट, दोन आठवडे, रोज शेकडो किलोमीटर. सकाळी गाड्या एकेक करून सोडतात. नकाशा नाही, फोन सीलबंद पिशवीत. सुटायच्या जरा आधी हातात एक टॅब्लेट देतात, त्याला रोडबुक म्हणतात. आधी दिलं तर लोक घरी बसून अभ्यास करतील ना! त्यात छोटी छोटी चित्रं: इतके किलोमीटर गेल्यावर सुकलेली नदी, इथे कंपासवर अमुक दिशा धर, पुढे उतार, कॉशन थ्री. वाटेत वाळूत अदृश्य ठिकाणं ठरवलेली असतात. त्यांच्या अगदी जवळ गेलात तरच गाडीतलं यंत्र बाण दाखवतं. एखादं ठिकाण हुकलं की दंड म्हणून तुमच्या वेळेत भर. दिवसभर असं हुडकत संध्याकाळी तंबूंच्या गावात पोचायचं. तिथे तुमचे मेकॅनिक रस्त्यानं आधीच येऊन बसलेले असतात. ते रात्रभर गाडी सोलतात आणि सकाळी पुन्हा तेच. सगळ्यांच्या मागून एक मोठा ट्रक येतो, रुतलेल्यांना आणि बंद पडलेल्यांना गोळा करत. त्याच्यात बसलात की संपली शर्यत. कारखानीस त्याला 'घंटागाडी' म्हणत.

म्हणजे ड्रायव्हर फक्त हाकतो. कुठे जायचं ते शेजारी बसलेला ओरडून सांगतो. एवढं कळल्यावर मला पटलं, की ह्या जगात कारखानिसांसाठी दुसरं कुठलंही काम बनलेलं नव्हतं.

त्यांचं एक सूत्र होतं: "आधी आकडा, मग डोळा, मग गर्दी." आकडा म्हणजे रोडबुक. ते सांगेल तिकडे जायचं. शंका आली तर डोळ्यांनी बघायचं. आणि पुढच्या गाड्यांच्या चाकांचे माग वाळूत कितीही ठळक दिसोत, ते सगळ्यात शेवटी, शक्यतो नाहीच. "लोक गेले तिकडे वाट असते असं नाही हो," ते म्हणायचे. "लोक गेलेले असतात, एवढंच सिद्ध होतं."

हे वाळवंटापुरतं असतं तर ठीक. पण हा माणूस सिंगापुरात राहून रांगेला लागायचा नाही! इथली माणसं हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या स्टॉलच्या बाजारात, शिरली की आधी सगळ्यात लांब रांग बघतात आणि तिच्या शेपटाला जाऊन उभी राहतात. काय विकतात ते नंतर. कारखानीस उलटे. जिथे चिटपाखरू नाही, स्टॉलवाला पेपर वाचत बसलाय, तिथे हे जाणार. "विचार करणाऱ्या माणसाची जागा," असं म्हणून मिशी पुसणार. मग दोन दिवस त्या विचाराची फळं भोगणार. वहिनींच्या घरी ओआरएसची पाकिटं साखरेच्या डब्याशेजारी असायची.

अशाच एका ओसाड स्टॉलवर त्यांना टेओ भेटला. टेओ म्हणजे साठीचा, चौकोनी चेहऱ्याचा, लॉऱ्या दुरुस्त करण्याचं वर्कशॉप असलेला मितभाषी चिनी गृहस्थ. ओसाड स्टॉलपुढे तेवढं एकच टेबल भरलेलं पाहून कारखानिसांना भरून आलं. आपल्यासारखा स्वतंत्र विचाराचा माणूस ह्या बेटावर आहे! त्यांनी जाऊन हात मिळवला, अर्धा तास रांगेविरुद्ध भाषण दिलं. टेओनं सगळं ऐकून घेतलं. तो स्टॉल त्याच्या मेहुण्याचा होता आणि तो तिथे फुकट जेवत होता, हे त्यानं बरंच नंतर सांगितलं.

टेओला शर्यतीचं वेड होतं. त्यानं स्वतः एक गाडी बांधली होती, आणि त्याच्या जुन्या नॅव्हिगेटरची पाठ गेली होती. कारखानिसांना एक दिवस त्यानं पलीकडे मलेशियात, जोहोरला पाम तेलाच्या मळ्यात नेलं, हातात कागद दिले आणि लाल चिखलातून गाडी सोडली. चार तास कारखानीस ओरडत होते आणि एकदाही रस्ता चुकले नाहीत. टेओ घरी येऊन बायकोला म्हणाला, "दिस मॅन व्हेरी नॉइझी. बट करेक्ट, लाह." ('लाह' म्हणजे इथल्या बोलण्याचं शेपूट.) ही त्यानं कारखानिसांची केलेली सगळ्यात मोठी स्तुती.

तेव्हापासून सराव सुरू झाला, तो घर-दार-बस सगळीकडे. घरीसुद्धा: "हॉल, चार मीटर. उजवीकडे किचन. कॉशन टू, शैला चिडलेली आहे." वहिनी आतून म्हणायच्या, "थ्री करा."

पहिल्या शर्यतीची गोष्ट मी दोघांकडूनही ऐकली आहे. कारखानिसांची तासाभराची आहे, टेओची तीन वाक्यांची. दोन्ही खरी आहेत.

तिसऱ्या दिवशी एका ठिकाणी पुढच्या सगळ्या गाड्यांचे माग डावीकडे गेले होते. वाळूत नुसता हमरस्ता पडला होता. कारखानिसांचं रोडबुक म्हणत होतं उजवीकडे. टेओचे हात आपोआप डावीकडे वळायला लागले, कारण शेवटी तो सिंगापूरचा माणूस, रांग दिसली की लागणार. "राइट!" कारखानीस किंचाळले. "माझ्यावर विश्वास आहे का गर्दीवर?" टेओ उजवीकडे वळला. कोरी वाळू, एक माग नाही. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, काही नाही. आणि मग यंत्रावर बाण उगवला! ठिकाण सापडलं. पुढच्या सगळ्या गाड्या चुकल्या होत्या, मोठमोठे नावाजलेले ड्रायव्हर चुकले होते, आणि कर्वेनगरचे सुधाकर कारखानीस बरोबर होते.

आता शहाण्या माणसानं काय करावं? पुढे सुटावं. पण कारखानीस शहाणे नव्हते, पुण्याचे होते. त्यांना नुसतं बरोबर असून भागत नाही. आपण बरोबर होतो हे चुकलेल्यांना समोर उभं करून सांगितल्याशिवाय त्यांचं बरोबर असणं पूर्ण होत नाही. त्यांनी टेओला एका उंच टेकाडाच्या माथ्यावर गाडी थांबवायला लावली. "येऊ देत ते परत. त्यांना मी दाखवतो, चित्र कसं वाचायचं."

वाळूच्या माथ्यावर कधी थांबायचं नसतं, हे वाळूत गेलेल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. टेओलाही ठाऊक होतं. पण एवढा वेळ हा माणूस बरोबर निघाला म्हणून त्यानं ह्यावेळीही ऐकलं. गाडी पोटापर्यंत रुतली. थोड्या वेळानं चुकलेल्या गाड्या एकामागून एक परत आल्या, ह्यांच्याच चाकांच्या मागावरून ठिकाण गाठलं, आणि ह्यांना हात करून पुढे गेल्या. कारखानीस टेकाडावर उभे राहून प्रत्येकाला ओरडून सांगत होते, की तुम्ही कुठे चुकलात. हेल्मेटमध्ये कोणाला डोंबल ऐकू येतंय!

सगळे गेल्यावर टेओनं फावडं काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. "यू राइट," तो म्हणाला. "नाऊ डिग."

संध्याकाळपर्यंत खणलं. मग घंटागाडी आली.

त्यानंतर पुन्हा पैसे, सुट्ट्या, सुटे भाग जमायला चार वर्षं गेली. तोवर कारखानिसांच्या निवृत्तीचा कागद आला. नोकरी संपली की इथे राहायचा पास संपतो, पास संपला की सिंगापूर संपतं. एवढी वर्षं राहून शेवटी आम्ही सगळे इथले पाहुणेच. बाणेरचा फ्लॅट तयार होता, वहिनींनी पडद्यांचं कापडसुद्धा निवडून ठेवलं होतं. निघायच्या आधी जेमतेम एक शर्यत बसत होती. टेओच्या डॉक्टरनंही त्याला सांगून टाकलं होतं, की ही शेवटची.

"काही नको हो मला," कारखानीस बसमध्ये मला म्हणाले. "नंबर नको, काही नको. शेवटच्या दिवशी ती कमान लावतात ना, तिच्याखालून एकदा टेओबरोबर जायचंय. घंटागाडीत बसून पुण्याला नाही जायचं मला." हे ते हळू आवाजात म्हणाले. त्या माणसाला हळू आवाज आहे, हे मला तेव्हा कळलं. मी म्हणाले, "ह्यावेळी टेकाडावर थांबू नका म्हणजे झालं." ते बिचारे हसले.

शर्यत सुरू झाली, आणि वहिनींच्या हॉलमध्ये आमचा मुक्काम पडला. प्रत्येक गाडीत एक यंत्र असतं, ते उपग्रहाला कळवतं, आणि घरच्यांना फोनवर एक ठिपका दिसतो. बस्स, तेवढंच. बोलता येत नाही, काही विचारता येत नाही. वहिनी तो ठिपका टीव्हीवर मोठा करून लावायच्या आणि समोर भाजी निवडत बसायच्या. मी रोज ऑफिसातून थेट तिकडे. माझी नऊ वर्षांची लेकही यायची, चिवडा खायला. दिवसामागून दिवस ठिपका आपला चालत होता. पुढून नव्हे, मागून मोजलं तर लवकर सापडायचा, पण चालत होता. वहिनी प्रत्येक संध्याकाळी तो तंबूच्या गावात पोचला की देवापुढे साखर ठेवायच्या आणि म्हणायच्या, "आज कोणाला शिकवायला थांबले नाहीत वाटतं."

शर्यत संपायला तीन दिवस राहिले असताना एक विचित्र टप्पा असतो. त्या रात्री मेकॅनिकना यायला बंदी. ड्रायव्हर आणि नॅव्हिगेटर एका लहानशा तळावर झोपणार, गाडीचं काय करायचं ते स्वतःच करणार, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी पुढे हाकणार. जेवण तिथेच मिळतं. तर त्या रात्री तळावर जेवणाची दोन टेबलं होती. एका टेबलासमोर गरम मटण-भाताची ही भली मोठी रांग. दुसऱ्यासमोर कोणी नाही.

पुढचं तुम्हाला कळलंच असेल. टेओ आपला गुमान रांगेकडे निघाला होता. कारखानिसांनी त्याचा दंड धरला. "आधी आकडा, मग डोळा, मग गर्दी!" दुसऱ्या टेबलावर होतं कोळंबीचं सॅलड. मेयोनेझमधलं. वाळवंटात! समुद्रापासून शेकडो मैलांवर! टेओ म्हणाला, "क्यू लाँग मीन्स गुड, लाह." पण ज्या माणसामुळे एवढे दिवस एकही ठिकाण हुकलं नव्हतं, त्याला नाही कसं म्हणणार? त्यानं सॅलड घेतलं. कारखानिसांनीही घेतलं. पण कारखानिसांचं पोट वर्षानुवर्षं ओसाड स्टॉलवर तयार झालेलं. त्यांना काहीही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आम्ही दुपारपासून ठिपक्यापुढे. पहिले दोन तास ठिपका बरा पळाला. मग थांबला. बराच वेळ थांबला. वहिनींच्या हातातली गवार तशीच राहिली. मग ठिपका हलला, आणि अगदीच चमत्कारिक चालायला लागला. थोडा पुढे, थांब. थोडा पुढे, थांब. मग एकसारखा, पण इतका हळू, की माझी लेक म्हणाली, "आई, अंकल्स डॉट इज वॉकिंग, लाह."

वहिनी उठून टीव्हीजवळ गेल्या. चष्मा वर-खाली केला. आणि म्हणाल्या, "अगं बाई! गाडी हे चालवतायत."

"काहीतरीच काय, वहिनी!"

"अगं, मी ओळखते ना! लग्नानंतर महाबळेश्वरला गेलो होतो सासऱ्यांची फियाट घेऊन. वाईपासून वरपर्यंत अश्शीच. प्रत्येक वळणाला थांबून विचार करायचे." मग त्यांचा चेहरा उतरला. "हे चालवतायत म्हणजे टेओला काहीतरी झालंय."

ठिपक्यावरून नवरा ओळखणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. आणि त्यांचं खरं होतं. टेओ पहाटेपासून ओकत होता, तरी तसाच बसला चालवायला. दोन तासांनी त्याला स्टिअरिंग धरवेना. गाडीत एक लाल बटण असतं. ते दाबलं की हेलिकॉप्टर येतं, डॉक्टर येतो, आणि शर्यत संपते. कारखानिसांनी बटणाकडे हात नेला. हो, त्यांनीच! ज्या कमानीसाठी चार वर्षं जीव टाकला, ती त्यांनी एका क्षणात सोडून दिली होती. टेओनं बटणावर पंजा ठेवला. "यू प्रेस, आय नेव्हर टॉक टू यू अगेन."

"तसाही तू कुठे बोलतोस!" कारखानीस ओरडले.

शेवटी तडजोड झाली. चाळीसेक किलोमीटरवर पुढची चौकी होती, तिथे डॉक्टर असतो. तिथपर्यंत जायचं. वाटेत टेओची शुद्ध हरपायला लागली तर बटण. मी सेफ्टीतली बाई सांगते, मला विचारलं असतं तर मी पहिल्याच मिनिटाला दाबलं असतं आणि दोघांनाही दोन दोन थोबाडीत दिल्या असत्या.

त्यांनी टेओला शेजारच्या सीटवर बांधलं, तोंडाला मीठ-साखरेच्या पाण्याची नळी लावली. ड्रायव्हरची सीट टेओच्या मापाची, पक्की बसवलेली; कारखानिसांचे पाय क्लचला पोचेनात. मग पाठीमागे झोपायच्या पिशवीचं गाठोडं कोंबलं आणि निघाले. आता खरी पंचाईत. रोडबुक शेजारच्या सीटसमोर, तिथे टेओ मान टाकून बसलेला. कारखानीस वाळू बघणार, की चित्र बघणार, की टेओ शुद्धीवर आहे का ते बघणार? दोनदा त्यांनी चित्र वाचायचा प्रयत्न केला, दोनदा गाडी खड्ड्यात आपटली, आणि प्रत्येक आपटीला टेओ कण्हला.

समोर वाळूत पुढच्या गाड्यांचे माग होते. ठळक, हमरस्त्यासारखे.

आणि कारखानीस त्या मागाला लागले. आयुष्यात पहिल्यांदा. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, दुसऱ्यांच्या चाकोरीत चाकं घालून, लोक गेले असतील ते बरोबरच गेले असतील अशी देवाची करुणा भाकत. एकदा रुतले. एकट्यानं खणून काढलं. इकडे ठिपका थांबला तेव्हा वहिनी म्हणाल्या, "खणतायत." आणि खरंच, थोड्या वेळानं ठिपका हलला. वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि टीव्हीतल्या ठिपक्याला मोठ्यानं सांगितलं, "घाई करू नका, क्लच सावकाश सोडा!"

माग बरोबर होते. चौकी आली. डॉक्टरनं टेओला सलाइन लावलं, तासाभरानं तो उठून बसला, आणि उरलेला टप्पा त्यानं स्वतः पुरा केला, वेळ संपायला अगदी थोडा अवधी असताना. दोन दिवसांनी दोघे कमानीखालून गेले. शेवटून दुसरे. फोटोत टेओ हसतोय, हा पुरावा मी जपून ठेवलाय. कारखानीस हसत नाहीत. तेव्हा मला वाटलं, दमले असतील.

परत आले, आणि बसमध्ये आपल्या सीटवर बसले, आणि गप्प! पहिल्या दिवशी सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. दुसऱ्या दिवशी तमिळ मुलगी म्हणाली, आज झोपच लागली नाही. आठवडा गेला. चेकपॉइंटनंतरचं वळण आलं की सगळी बस अर्धवट डोळे उघडायची, वाट बघायची, आणि काहीच यायचं नाही. हमीद अंकल आरशातून मागे बघायचे. माझी तर चिडचिड व्हायला लागली. अहो, एवढी शर्यत पुरी केली, आता बोला ना!

एकदा मी त्यांच्या शेजारीच जाऊन बसले आणि सरळ विचारलं. त्यांनी खिडकीबाहेरच्या पाइपांकडे तोंड वळवलं.

"टेओला मी आजारी पाडलं," ते म्हणाले. "रांग बरोबर होती. आणि मग चाळीस किलोमीटर मी लोकांच्या मागून गेलो, तेव्हाही लोकच बरोबर होते. जन्मभर ओरडत होतो, आता कुठल्या तोंडानं सांगू कोणाला वळण?"

मला रडू आलं आणि रागही आला. मी म्हणाले, "अहो, लोकांच्या मागून गेलात म्हणून टेओ पोचला ना डॉक्टरकडे! ह्यात लाज कसली?" त्यांनी नुसती मान हलवली. पटलं असं नाही, वाद घालायचा नव्हता. कारखानिसांना वाद घालायचा नव्हता! मी माझ्या सीटवर परत आले.

त्यांचा कामाचा शेवटचा दिवस उजाडला. सकाळपासून धो धो पाऊस. कारखानीस इस्त्रीचा शर्ट घालून आले, पहिल्या सीटवर बसले. त्या दिवशी हमीद अंकलनी गाडी सुरू करायच्या आधी उठून त्यांचा हात हातात घेतला. बस निघाली. वायपर फाटफाट करत होते. आयलंडचा पूल गेला, चेकपॉइंट गेला, पास दाखवून झाले. ते वळण जवळ आलं. कारखानीस गप्पच.

आणि हमीद अंकल, ज्यांनी ह्याच शब्दांपायी दोनदा तक्रार केली होती, ते समोर बघत, घसा साफ करून, मोठ्यानं म्हणाले, "थ्री हंड्रेड. लेफ्ट. कॉशन टू."

 मी पहिल्या सीटवरच्या त्या टकलाकडे बघत होते. ते हललं नाही. मग कान लाल झाले. मग मिशी थरथरताना काचेत दिसली.

"थ्री!" कारखानीस गरजले. "थ्री, हमीद, थ्री! रेन, कान्ट यू सी? एवढी वर्षं सांगतोय! अँड हम्प आफ्टर टर्न! ब्रेक! ब्रेक!"

हमीद अंकलनी ब्रेक दाबला. बस वळणावरून, हम्पवरून, अगदी अलगद गेली. "थँक यू, मिस्टर कॉशन," ते म्हणाले, आणि आरशात त्यांचे दात दिसले. मागून कोणीतरी टाळी वाजवली. कारखानिसांनी खिशातून रुमाल काढून नाक शिंकरलं. लगेच पुढचं सुरू केलं: सहाशे मीटर, सरळ, डाव्या हाताला टाक्या, कॉशन वन. गेट येईपर्यंत त्यांचं तोंड थांबलं नाही, आणि त्या दिवशी आमच्या बसमध्ये कोणीही झोपलं नाही.